पडदेवालीची स्कूटर

दुसऱ्यांच्या घरात डोकावण्याचा पगार मिळावा, असं भाग्य फार थोड्यांचं असतं. पडदेवालीचं होतं. पडद्यांच्या दुकानातर्फे ती गिऱ्हाइकांच्या घरी जायची, खिडक्यांची मापं घ्यायची, कापडाचे नमुने दाखवायची आणि तेवढ्या वेळात त्या घरात कोण कोणाशी बोलत नाही, कोणत्या कपाटामागे ओल लपवली आहे, हे सगळं बघून घ्यायची. चहाड्या करायला नाही हं. तिला मुळात गप्प बसवतच नसे. कुठलीही गोष्ट दिसली की ‘असं का?’ हा प्रश्न आधी, बाकीचं नंतर. लग्न होऊन आठवडा झाला नसेल, तर सासरचा नीट न लागणारा दरवाजा हिने बिजागऱ्यांसकट उतरवून जमिनीवर आडवा घातला. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. सासऱ्यांनी पेचकस शोधून दिला.

तर अशा या बाईने पन्नाशी ओलांडल्यावर विजेवर चालणारी स्कूटर घेतली. स्वस्तातली, फिकट निळी, पुढचा पत्रा बोटाने दाबला तर दबेल अशी. त्याआधी ती दोन बस बदलत हिंडायची. काखेत नमुन्यांचं बाड, तेही अंगापिंडाने सुदृढ. बसमध्ये त्याला मांडीवर घेऊन बसावं लागे आणि वर लोकांचे ‘सरका जरा’ ऐकावे लागत.

“ही स्कूटर आहे की शिलाई मशीनला चाकं लावलीत?” नवऱ्याने पहिल्याच दिवशी विचारलं.

“आवाज करते का शिलाई मशीनसारखा? ऐक तरी.”

“तोच तर धोका आहे. तू येतेयस हे लोकांना कळणारच नाही. भांडण आवरून ठेवायलाही वेळ मिळायचा नाही बिचाऱ्यांना.”

पडदेवाली त्या गाडीवर लट्टू झाली. बाड पायाशी ठेवलं तर गाडी किती जाते, मागे बांधलं तर किती, वारा समोरून असला तर काय होतं, सिग्नलला हळूहळू थांबलं तर काही वाचतं का, याचे तिचे प्रयोग सुरू झाले. रात्री झोपताना ती दाराजवळच्या बोळात गाडीला चार्जर लावायची. त्यावर लाल दिवा लागायचा आणि पोट भरलं की हिरवा व्हायचा. पहिले काही दिवस सकाळी उठल्यावर तो हिरवा दिवा बघून तिला भरल्या घरासारखं वाटायचं.

मग तो हिरवा होईनासा झाला. रात्रभर लावून ठेवावा आणि सकाळी बघावं तर लालच. गाडी निघताना चार्जच्या उजळ काड्या बऱ्यापैकी दाखवायची आणि दुपार टळली की मान टाकायची. एकदा तर पुलावर बंद पडली. बाड, खिडक्या मापायची छोटी शिडी आणि गाडी असा सगळा संसार ढकलत ती घरी आली.

नवऱ्याने लगेच स्कूटरच्या दुकानात फोन लावला आणि भांडायलाच सुरुवात केली. दुकानदार सरळ माणूस होता. “रात्रभर लावून हिरवा होत नाही म्हणजे बॅटरीतच खोट आहे, साहेब. शनिवारी संध्याकाळपर्यंत आणा, परत घेतो. बदली गाडी मिळणार नाही, हे मॉडेल आता बंद झालंय. आणि शनिवारनंतर माझ्याकडे येऊ नका.”

“नेऊन टाकू,” नवरा म्हणाला. “डोक्याचा ताप गेला.”

पण ताप इतका सोपा नव्हता. टेकडीवर नव्या इमारती झाल्या होत्या आणि तिथल्या सगळ्या खिडक्यांचं काम पडद्यांच्या दुकानाला मिळालं होतं. बस टेकडीच्या पायथ्याशीच थांबायची. मालकाने तिला बोलावून स्वच्छ सांगितलं होतं, “तुझी गाडी वर चढत असेल तर सगळं काम तुझं. नसेल तर नव्या माणसाला पाठवतो, त्याच्याकडे मोटारसायकल आहे.” हा नवा माणूस खिडकीचं एक माप घेऊन बाकीचं नजरेने ठरवायचा. त्याने मापलेले पडदे कुठे जमिनीवर लोळत, कुठे आखूड विजारीसारखे वर टांगलेले असत. त्याच्या हाती ती टेकडी जावी, हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. शिवाय इतक्या कोऱ्या घरांत काय काय बघायला मिळालं असतं!

गुरुवारी संध्याकाळी ती ओट्याशी भाजी चिरत होती आणि डोक्यात गाडी होती. नवीन असताना चालणारी बॅटरी एकाएकी मेली कशी? माणूससुद्धा मरायच्या आधी जरा कण्हतो.

तिच्या कामात एक नियम होता. खिडकी दिसायला चौकोनी असते, असते मात्र कशीही. म्हणून रुंदी तीनदा मापायची, वर, खाली आणि मध्ये. पुष्कळदा वरचं आणि खालचं माप अगदी जुळतं आणि मध्ये भिंतीला पोट सुटलेलं असतं. मधलं माप चुकवलं की पट्ट्यांचा पडदा तिथेच अडकतो. चिरता चिरता तिची सुरी थांबली. चार्जर ती झोपताना बघत होती आणि निघताना बघत होती. दोन्ही वेळा लाल. मध्ये कोणी बघितलं होतं?

शुक्रवारी उजाडायच्या आत ती उठली आणि अनवाणी बोळात गेली. चार्जरवर लाल दिवा नव्हता, हिरवाही नव्हता. हात लावला तर गार. वीज गेली म्हणावी, तर आतल्या खोलीत पंखा गरगरत होता. वाकून बघते तो भिंतीवरचं बटणच बंद.

इतक्यात पावलं वाजली. ती गाडीच्या मागे, टांगलेल्या कोटांच्या आडोशाला सरकली. सासरे आले. बटण दाबलं. लाल दिवा लागला. मग गुडघ्यावर हात टेकून ते खाली वाकले आणि चार्जरवर तळवा ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

“बाबा,” ती म्हणाली.

“अगं आई गं!” म्हातारा भिंतीला टेकला. “मला वाटलं चोर!”

“मलाही तेच वाटलं. म्हटलं, माझी वीज नेतंय तरी कोण?”

सासरे जन्मभर एका मोठ्या धुलाई कारखान्यात बॉयलर सांभाळायला होते. तिथला नियम एकच होता. तापलेली वस्तू एकटी सोडायची नाही. पाळी संपली आणि पुढचा माणूस आला नाही, तर उपाशी उभं राहायचं, नाहीतर आग विझवून जायचं. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी घरात कोणी गॅसवर दूध ठेवून दाराशी गप्पा मारायला गेलं की हे जाऊन गॅस बंद करीत. सगळं घर झोपलेलं आणि बोळात एक गरम डबा घरघरतोय, हे त्यांना कसं चालावं? सगळे झोपले की ते बटण बंद करायचे आणि पहाटे जाग आली की पुन्हा चालू.

“रोज?” तिने विचारलं.

“मुलीकडून परत आलो तेव्हापासून.”

पहिले दिवस हिरवा दिवा का लागत होता, ते तिला तिथल्या तिथे कळलं. म्हातारा तेव्हा लेकीकडे राहायला गेला होता.

“मग मला सांगायचं नाही?”

“काय सांगू? ही गाडी आणायची ठरली तेव्हा एक वाक्य बोललो, तर तुझा नवरा म्हणाला, बाबा, तुमचा बॉयलर पुरे. मग पुरे केला.”

आवाजाने नवरा उठून आला होता. विस्कटलेल्या केसांनी तो दारातच उभा राहिला. “म्हणजे बाबा, गाडी बिघडलेली नाहीच? तुम्हीच तिला उपाशी ठेवत होतात?”

“मला काय माहीत उपाशी राहते ते! थोडं थोडं खातेय असं वाटलं.”

“आणि मी दुकानदाराशी भांडलो!”

“ते तू कशावरूनही भांडतोस,” म्हातारा म्हणाला, आणि पडदेवालीला हसू आवरेना. राग आला होता खरा, पुलावरची ढकलाढकल ती विसरली नव्हती. पण त्याहून मोठा प्रश्न पुढे होता. बॅटरी ठणठणीत असेल, असा तर्क होता. खात्री कुठे होती? आणि उद्या शनिवार.

“बाबा, आज तुम्ही घरीच आहात ना? दिवसभर इथे बसाल?”

“याच्यापाशी?”

“हो. तुमच्या डोळ्यांसमोर. हिरवा झाला की तुम्हीच बंद करा.”

म्हाताऱ्याने खुर्ची मागितली. मग उशी. मग विचारलं, “यात प्रेशर किती असतं?”

“यात प्रेशर नसतं, बाबा.”

“मग गरम कशाला होतं?”

पडदेवालीने वाकून चार्जर सगळ्या बाजूंनी बघितला. तिलाही माहीत नव्हतं. याचं तिला भारीच वाईट वाटलं.

ती बसने कामाला गेली. परत आली तेव्हा खुर्ची जागच्या जागी होती आणि सासरे त्यात ताठ बसलेले. “हिरवा,” ते म्हणाले, बढतीची बातमी सांगावी तसे. “एकदाही उठलो नाही. म्हणजे एकदा उठलो, पण बंद करून.”

शनिवारी सकाळी नवऱ्याने दारात अडवलं. “चढली नाही तर काय करणार? संध्याकाळी दुकान बंद झालं की ही कायमची आपल्या गळ्यात.”

“चढली नाही तर वळवून सरळ दुकानात सोडीन. उतारच आहे सगळा.”

टेकडीचा रस्ता वाकडातिकडा होता. पहिल्या वळणापर्यंत गाडी मजेत गेली. दुसऱ्यावर चार्ज दाखवणारी एक काडी विझली, मग दुसरी. तिने वेग कमी केला, बाड पायांनी आत ओढलं, आणि स्वतःच्याही नकळत पुढे झुकली, जणू तेवढ्याने वजन घटणार होतं. एक मोटारसायकल धूर सोडत शेजारून गेली. तिने तिकडे बघितलंही नाही. काड्यांवर नजर ठेवून ती वर पोचली आणि गाडी बंद केली.

खिडक्या मापायला दुपार झाली. वर, खाली, मध्ये. पाचव्या मजल्यावर एका बाईने अजून न आलेल्या सुनेची खोली आधीच सजवून ठेवली होती. त्याबद्दल पुष्कळ विचारायचं होतं, पण आज घाई होती. खाली येऊन किल्ली फिरवली, तर विझलेल्या काड्यांतली एक परत आलेली! ती बघतच राहिली. चढावर दम लागतो आणि बसलं की परत येतो, हे माणसाचं झालं. बॅटरीचंही तसंच असतं?

उतार संपला, पूल ओलांडला, सगळा बाजार पार केला, तरी काड्या तशाच. स्कूटरच्या दुकानापाशी तिने गाडी उभी केली तेव्हा दुकानदार आवरायला लागला होता. तिला बघून त्याने सुस्कारा टाकला आणि हात पुढे केला.

“द्या किल्ली. वेळेत आलात.”

किल्ली तिने पर्समध्ये टाकली. “गाडी द्यायची नाहीये. बॅटरी चांगली आहे, चूक आमच्या घरची. टेकडी चढून आलेय.”

“मग काय पाहिजे, ताई?”

“चार्जर गरम का होतो?”

“सगळेच होतात.”

“ते कळलं. का होतात? घरी उत्तराची वाट बघतायत. आणि काडी परत का येते, तेही सांगा.”

दुकानदाराने अर्ध्यावर ओढलेलं शटर एकदा बघितलं, तिच्याकडे एकदा बघितलं. मग त्याने फळीवरचा एक जुना चार्जर काढला, टेबलावर ठेवला आणि पेच सोडवायला घेतले. पडदेवालीने स्टूल ओढलं आणि चष्मा नाकावर घेतला.