नऊ दिवसांची बाजू

मोजणीसाहेबांना वाकडं म्हणून काही खपत नसे. पस्तीस वर्षं जमीनमोजणीच्या कचेरीत काढली, पण निवृत्तीनंतरही घरात पलंग बोटभर सरकला की हे टेप घेऊन हजर. मुलगी बघायला गेले होते, तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनाच म्हणाले, "तुमची ही भिंत काटकोनात नाही." तरी लग्न जमलं. धन्य त्या मुलीची!

त्याच मुलीनं आता, साठी उलटल्यावर, कादंबरी लिहिली. राजे, चेटकिणी, आग ओकणारे पंखवाले सरडे, सगळा मनातला मुलूख. प्रकाशक म्हणाला, "बाई, अशा पुस्तकाला नकाशा लागतोच. सोमवारी द्या, नाहीतर पुस्तक पुढच्या वर्षावर गेलं." पुढचं वर्ष कोणी पाहिलंय? बाईंनी हस्तलिखित नवऱ्यापुढे ठेवलं.

गडी हरखला. कादंबरी वाचायची म्हणजे त्यांच्या लेखी अंतरं वेचायची. कुठून कुठे, घोड्यावर किती दिवस, बस्स! कंपास लावून एकेक गाव कागदावर बसवत गेले. रविवारी दुपारी मात्र ओरडले, "अगं, हे काय करून ठेवलंस!"

"काय झालं?"

"राजधानी ते किल्ला तीन दिवस. किल्ला ते मिठागर चार. आणि मिठागराहून थेट राजधानीला यायला नऊ? दोन बाजू मिळून सात होतात, तिसरी नऊ कशी होईल? शाळेतली पोरं हसतील!"

"सरडे उडतात ते चाललं तुम्हाला?"

"उडू देत की. माझं भांडण त्रिकोणाशी आहे. वाटेत डोंगर आहे का?"

"सपाट माळ."

"घोडा लंगडा?"

"तोच घोडा."

"मग फार तर सहा. नऊचे सहा कर."

"नाही करणार."

"तर मग खोटा नकाशा मीही काढणार नाही."

बाईंचा चेहरा पडला. जन्मात एक पुस्तक लिहिलं, तेही घरच्याच माणसानं अडवावं! "अहो, तुम्ही नुसते आकडे वाचलेत. आजूबाजूची वाक्यंही वाचा एकदा," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

साहेबांनी चडफडत पान उघडलं. जाताना राजाबरोबर राणी होती. मिठागरात साथ आली आणि राणी तिथेच गेली. येताना राजा एकटा. रोज भर दुपारीच मुक्काम टाकायचा. घरी पोचलो की रिकामी खोली बघावी लागेल, म्हणून.

साहेबांनी ते पान दोनदा वाचलं. आत भांड्यांचा आवाज चालू होता. तो मध्येच थांबला आणि साहेब पान सोडून उठले.

"अगं! आहेस ना?"

"मी कुठे जातेय?" आतून उत्तर आलं, अजून घुश्शातच.

साहेबांनी नाक शिंकरलं आणि पेन्सिल उचलली. मिठागरापासून राजधानीपर्यंत रेघ ओढली, मोजूनमापून, आणि तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलं: 'अंतर सहा दिवस. राजाला नऊ लागले.'