काळी जोडवी

आमच्या शेजारच्या सुमनवहिनी ओहोटी लागली की खाडीच्या चिखलात तिसऱ्या, म्हणजे कालवणाचे शिंपले, काढायला उतरतात. परवा मात्र त्या सकाळीच पायरीवर बसून रांगोळीने पायातली जोडवी घासत होत्या. चांदी पार काळी पडली होती.

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे मला गप्प बसवत नाही. म्हटलं, "वहिनी, ही करामत चिखलातल्या जिवाणूंची. डोळ्यांना दिसायचेही नाहीत. खाऱ्या पाण्यातल्या गंधकाचा वायू करून सोडतात. चिखलाला तो कुजका वास येतो ना, तोच. त्यानं चांदी काळवंडते."

"मेले रिकामटेकडे," त्या हसल्या.

रिकामटेकडे कसले! त्यांचे भाऊबंद भर समुद्रातून हाच गंधक हवेत सोडतात. त्याच्या कणांभोवती ढग धरतात, पावसाबरोबर तो घाटावरच्या शेतात उतरतो आणि कांद्यात शिरतो. वहिनी कालवणाला कांदा चिरतात, तेव्हा डोळ्यांना पाणी आणतो तो हाच. उरलेला नदीबरोबर परत समुद्रात. एवढ्या येरझारीतला चिमूटभर वहिनींच्या पायाच्या बोटांवर विसावला होता. मला त्या जिवाणूंची मायाच वाटली.

"पण आज एवढं घासताय कशाला?"

"माहेरी चाललेय. काळी दिसली की आईला वाटतं, लेक सारखी चिखलातच राबते."

वहिनींचं माहेर खाडीच्याच पलीकडच्या काठाला. त्यांची आईसुद्धा तिसऱ्याच काढते.

"मग आईची जोडवी?"

"मी येणार कळलं की तीही घासून बसते. तिला वाटतं, मला कळत नाही."