आईच्या बोटावरचा बजी

निपाणीच्या स्टँडवर बेळगावची गाडी लागली तेव्हा माझ्या मांडीवर पिंजरा होता आणि पिंजऱ्यावर माझी ओढणी. आत आईचा बजी. निळा, मूठभर, पोपटाच्याच जातीतला. बाजारात त्याला लव्हबर्ड म्हणून विकतात. डावा पाय त्याने पोटाच्या पिसांत ओढून घेतला होता आणि एकट्या उजव्यावर उभा राहून तो सारखा तोल सावरत होता. गाडीने वळण घेतलं की मी ओढणी उचलून बघायची. सरळ रस्ता लागला की पुन्हा बघायची. शेजारची बाई शेवटी म्हणाली, "बाई, तुमी बघून बघूनच त्याला दमवशिला."

कंडक्टरने पिंजऱ्याकडे बोट केलं. "हक्किगू टिकेट ऐत्री." पक्ष्यालाही तिकीट आहे म्हणे.

"अहो, एवढासा तर आहे," मी म्हटलं.

"कोंबडी असली तरी फाडतो, पोपट असला तरी फाडतो. मला काय आनंद हाय व्हय?"

मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "उडत गेला असता तर फुकटात गेला असता की वो!" सगळी गाडी हसली. मीही हसले, आणि ओढणी उचलून पुन्हा बघितलं. पाय वरच होता.

हा पक्षी मीच आईला आणून दिला होता. बेळगावात एका कॉलेजच्या ग्रंथालयात मला नोकरी लागली, पिरनवाडीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या, आणि आईला म्हटलं, चल आता. ती आली नाही. निपाणीतली एक खोली, दारातला कट्टा आणि मांडीवरचं सूप, यांतून ती उठायला तयार नव्हती. आई विड्या वळते. मला समजतं तेव्हापासून तिच्या मांडीवर ते सूप आहे. सुपात एका कडेला कातरलेली पानं, दुसऱ्या कडेला तंबाखू, मध्ये दोऱ्याचं रीळ. माझी शाळेची वह्या-पुस्तकं, वसतिगृह, पदवीच्या फॉर्मपासून पदवीदानाच्या साडीपर्यंत सगळं त्या सुपातून आलं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. पगार सुरू झाल्यावर मी म्हटलं, आता बास कर. तर म्हणाली, "हात रिकामं ऱ्हायलं की डोस्कं फिरतंय गं माझं."

मग निदान बोलायला कोणीतरी असावं म्हणून बजी नेला. पहिल्या दिवशी तिने टोमणा मारला, "मला सांभाळायला पाखरू आणलंस, का पाखराला सांभाळायला मला ठेवलंस?" पण महिन्याभरात पिंजऱ्याचं दार दिवसभर उघडं राहू लागलं. तो सुपाच्या काठावर बसायचा, दोरा ओढायचा, पानाची कड कुरतडायचा. आईचे हात चालू असताना तिच्या मनगटावर बसून झोके घ्यायचा, आणि काम थांबलं की तिच्या तर्जनीवर चढून डोळे मिटायचा. "ए शाण्या, दोरा सोड. तुझ्या बाचा हाय व्हय?" एवढं सोडून दुसऱ्या नावाने तिने त्याला कधी हाक मारली नाही. फोनवर माझ्याशी कमी आणि त्याच्याशी जास्त बोलायची. मला बरं वाटायचं.

मग एक दिवस म्हणाली, "पाय उचलून धरतंय गं. टेकतच न्हाय."

निपाणीतल्या जनावरांच्या डॉक्टरांनी हात जोडले. "म्हशीचा पाय असता तर बघितला असता." म्हणून मी त्याला बेळगावला घेऊन निघाले होते.

कॅम्पातल्या दवाखान्यात सगळे कुत्रेवाले होते. लष्करातल्या लोकांची मोठमोठी, विंचरलेली कुत्री जिभा काढून बसलेली. मी पिंजरा छातीशी धरून कोपऱ्यात उभी राहिले. डॉक्टरांनी बजीला रुमालात गुंडाळून उलटा केला, भिंग लावलं आणि मला बोलावलं. तळवा लालभडक होता. कातडी सोललेली. एक बोट त्याने स्वतःच चावून ठेवलं होतं.

"कशावर बसतो?"

"पिंजऱ्यातली दांडी. प्लास्टिकची."

"ती काढा. पेरूच्या फांद्या लावा, जाड-बारीक. हे मलम." लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "घरात कोणी सिगारेट, तंबाखू?"

"नाही डॉक्टर," मी लगेच म्हटलं. "आमच्या घरात कुणालाच कसलं व्यसन नाही."

हे मी अभिमानाने म्हटलं होतं, हे मला चांगलं आठवतं. मान जरा वर करून.

बारा दिवस तो पिरनवाडीत माझ्याकडे राहिला. पेरूच्या फांद्या खाली राहणाऱ्या घरमालकीण आक्कांच्या मागच्या परड्यातल्या. फांदी तोडून देताना त्या म्हणाल्या, "पाखराचा पाय दावायला कॅम्पात गेलतीस? माझा गुडघा दोन वरसं ठणकतोय, मला न्हे की एकदा." ग्रंथालयात माझं मन लागायचं नाही. पुस्तकावर शिक्का मारताना वाटायचं, पडला असेल. दुपारच्या सुट्टीत आक्कांना फोन करायचा. "आक्का, जरा वर जाऊन बघता?" पायऱ्या चढल्याचा आवाज, धाप, मग, "बघितलं. हाय. मेलं न्हाय. ठेव फोन."

सातव्या-आठव्या दिवशी त्याने पाय टेकला. आधी फक्त बोटांची टोकं, मग तळवा. मी त्या दिवशी कॉलेजला उशिरा गेले. तळव्यावर नवी, फिकट गुलाबी कातडी येत होती. रविवारी मी त्याला आईकडे पोचवलं. पिंजऱ्याचं दार उघडायच्या आत तिने बोट पुढे केलं आणि तो त्यावर चढला, दोन्ही पायांनी. "लई दिस लावलास," ती त्याला म्हणाली. मला नाही.

मलम कसं लावायचं ते मी दाखवलं. आईने ते ऐकलं आणि आपल्या बाजूने त्यात भर घातली. पानांची एक जुडी संपली की ती त्याला हातात घ्यायची, खोबरेल तेलाचा थेंब बोटावर घ्यायची आणि बाळंतीण बाळाला चोळते तसे त्याचे पाय हळूहळू चोळायची. दिवसातून चारदा, पाचदा. फोनवर मला सांगायची, "तू नुसतं मलम लावत हुतीस. मी मालिश करतोय बघ." आमच्याकडच्या बायका जुन्या चालीने करतोय, जातोय असंच बोलतात. मी म्हटलं, कर, चांगलं आहे.

दोन आठवड्यांत दोन्ही पाय गेले. तो फांदीवर बसेना. पिंजऱ्याच्या तळाशी पोटावर बसून राहू लागला.

पुन्हा गाडी, पुन्हा पक्ष्याचं तिकीट. पिरनवाडीला पोचले तर आक्का दारातच होत्या. त्यांनी पिंजरा हातात घेतला, वरचं फडकं बाजूला केलं आणि नाक आक्रसलं.

"कोण तंबाखू खातं गं तुमच्यात?"

"कुणीच नाही."

"मग ह्या फडक्याला वास कसला मारतोय? बघ की."

मी फडकं नाकाला लावलं. मला काहीच वास आला नाही. पुन्हा लावलं, डोळे मिटून, जोरात श्वास घेतला. तेव्हाही फक्त घरचा वास आला. आईच्या पदराचा, माझ्या जुन्या दप्तराचा, आमच्या गादीचा.

मी तिथेच पायरीवर बसले.

निपाणीत आम्ही तंबाखू तिलाच म्हणतो जी कोणी तोंडात टाकतो किंवा ओढतो. ती वाईट. सुपातली ती काम. शाळेच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायापुढे मी दरवर्षी 'मजुरी' लिहिलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले नव्हते. माझ्या मनात सूप आलंच नाही. एवढी पुस्तकं रोज माझ्या हातातून जातात, आणि मला वास दाखवायला आक्कांचं नाक लागलं.

डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकलं. हाताला लागलेली तंबाखूसुद्धा पुरते, म्हणाले. बोटावर बसला की तळव्याची आग होते, मग तो चोचीने पाय साफ करतो आणि तेच पोटात जातं. तेल चोळल्याने आणखी मुरलं. "मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो," मी म्हटलं. "मी नाही म्हटलं होतं."

"हात धुऊन चालेल का?" मी विचारलं.

ते म्हणाले, "खोली एकच आहे ना? मग नुसत्या हातांनी नाही भागणार. पक्षी तिथे नको."

शनिवारी मी रिकाम्या हातांनी निपाणीला गेले. सगळ्या रस्त्यात वाक्य जुळवत होते. संकेश्वरच्या पुढे एक चांगलं जुळलं, निपाणी आल्यावर ते मोडलं.

आई कट्ट्यावर होती. माझ्या हाताकडे बघितलं, मग पाठीमागे बघितलं. "कुठं हाय?"

"आहे. बरा आहे. आई, तू जेवलीस का?"

मी घागर भरली. भरलेली होती ती ओतून पुन्हा भरली. चहा ठेवला. भांडी जागच्या जागी होती ती काढून पुन्हा लावली. आईचे हात चालूच होते; पान, चिमूट, वळसा, दोरा, नखाने मुडपलेलं तोंड. शेवटी ती मान वर न करता म्हणाली, "मेलं असंल तर सांग की सरळ. भांडी कशाला वाजवतीस?"

मग मी सांगितलं. जुळवलेल्यातलं एकही वाक्य आलं नाही. तंबाखू, हात, तेल, असं तुटक तुटक बोलले.

आईने हातातली विडी पुरी केली. दोरा तोडला. मग दोन्ही हात सुपाच्या वर उचलून धरले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. बोटांची टोकं तपकिरी, नखांच्या कडा काळ्या.

"म्हंजे माझ्या हातानं?"

मी चहाचा कप तिच्याजवळ सरकवला.

"तू बी ह्याच हातानं जेवलीस की गं. हिथंच बसून भरवलंय तुला. मग तुला कसं काय झालं न्हाय?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. मला आठवलं, लहानपणी मी सारखी खोकायचे आणि आई म्हणायची, हिला थंडी बाधते. ते मी तिला सांगितलं नाही. "माणूस मोठं असतं आई," एवढंच म्हटलं. "तो फार लहान आहे."

ती उठली. मोरीत जाऊन साबणाने हात धुतले, मग चिंचेने घासले, मग राखेने. माझ्यापुढे येऊन हात पसरले. "आता हुंग."

मी हुंगलं. मला काही कळणार नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं.

"काम सोड म्हनशील आता."

मी ते म्हणायलाच आले होते. सोड, माझ्याकडे ये, पक्षी तिथेच आहे. पण ते हात समोर पसरलेले असताना मला ते म्हणवेना. "तू ठरव," मी म्हटलं. ती पुन्हा सुपापाशी बसली. ओल्या पोत्यात पानं भिजत पडली होती; ती वाळून गेली की वळताना फाटतात.

पंधरा दिवसांनी ती स्वतःच पिरनवाडीला आली. ट्रंकेतली, कधी न नेसलेली साडी नेसून. आल्या आल्या दोनदा हात धुतले आणि ते पाठीमागे धरून पिंजऱ्यासमोर उभी राहिली. बजी तोवर फांदीवर बसू लागला होता. चावलेल्या बोटाचं नख गेलं होतं, ते पुन्हा आलं नाही. आईला बघताच त्याने जो गलका केला तो ऐकून आक्का खालून वर आल्या. तो फांदीवरून पुढे मागे धावत होता, जाळीला लटकत होता, तिचं बोट शोधत होता.

"हात दे की त्याला, किती वरडतंय बघ," आक्का म्हणाल्या.

"नगं," आई म्हणाली. "माझा हात कडू हाय त्याला."

मी दार उघडलं. तो उडून तिच्या खांद्यावर बसला आणि कानातली कुडी ओढू लागला. आईने हात पुढे आणले नाहीत. मान वाकडी करून नुसती उभी राहिली, हलली नाही. मग दर थोड्या वेळाने विचारू लागली, निपाणीची गाडी किती वाजता. चहा अर्धाच प्याली. पानं भिजवून आले आहे म्हणाली.

ती परत गेली. काम सोडलं नाही, आणि मी पुन्हा कधी म्हटलंही नाही.

आता रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. मी तो पिंजऱ्याजवळ धरते. ती म्हणते, "ए शाण्या," आणि तो फांदीच्या टोकाला येऊन फोनकडे एका डोळ्याने बघतो. मग ती मला विचारते, "दोन्ही पायावर हाय न्हवं?"

डॉक्टरांनी सांगितलंय, निरोगी पक्षीसुद्धा विसावा घेताना एक पाय पोटात घेतो. ते मला माहीत आहे. तरी त्याने पाय वर घेतला की तो विसावा आहे की आग, हे मला ओळखता येत नाही. म्हणून मी थांबते. फोन कानाला लावून, त्याच्या पायावरची नजर न हलवता. पलीकडे आईही फोन धरून थांबते. कधी कधी बराच वेळ जातो. त्याने पाय टेकला की मगच मी म्हणते, "हो आई. दोन्ही."