आखाजीची गाडी

सकाळी उठून लोक देवाला हात जोडतात. पिंप्राळ्यातले आमचे शेजारी नाना आधी गाडीखाली वाकायचे. रात्री इंजिनाखाली सरकवलेला पुठ्ठा ओढून काढायचे, उजेडात धरायचे, आणि त्यावर तेलाचा ठिपका दिसला की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "नापास!"

वरणगावच्या कारखान्यात त्यांचा सगळा जन्म माल तपासण्यात गेला होता. निवृत्त झाले तरी तो पास-नापासाचा शिक्का काही हातातून सुटला नाही. माझे उडदाचे पापड नापास, गल्लीतला नळ नापास, माझ्या नवऱ्याचं स्कूटर लावणं तर कायमचंच नापास. काकू मला हळूच म्हणायच्या, "मला पाहायला आले तेव्हा कशी पास केली, देव जाणे!" माणूस मात्र लाखातला. कुणाच्या घरी आजारपण निघालं की दारात सगळ्यात आधी नाना.

ती जुनी गाडी त्यांनी घेतली आक्कांसाठी. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, धुळ्याला दिलेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात आणि त्यांना आणायला भाऊ मुराळी म्हणून जातो. आई-वडील गेल्यावरही नानांनी तो नेम मोडला नव्हता. पण एका आखाजीला बसला एवढी गर्दी, की गुडघ्यांनी बेजार झालेल्या आक्का पारोळ्यापर्यंत उभ्याच आल्या. नानांच्या ते फार जिवाला लागलं. "आते तुले गाडीमाच लई जासू," असा शब्द ते देऊन बसले.

गाडी आली ती गळतीसकट. इंजिनाच्या तळाला तेलाचा पत्र्याचा चेंबर असतो, त्याच्या सांध्यातून थेंब पडायचा. गॅरेजवाला म्हणाला, "नाना, थेंबभर गळतंय. तेल बघत जा आणि खुशाल फिरा." नानांना हे कुठलं पटायला! "मी काय बहीनना आंगनमा डाग पाडाले जाऊ का?" चिडले की ते अहिराणीवर यायचे. मग स्वतःच गाडीखाली शिरले. जुनं पॅकिंग खरवडून काढलं, नवं बसवलं आणि बोल्ट असे आवळले की पातळ पत्र्याची कडच वाकली. अति तिथं माती. थेंबाची धार झाली आणि ती आखाजी आक्कांना न आणताच गेली.

पुढच्या वर्षी त्यांनी ती कड ठोकून ठोकून सरळ केली आणि पॅकिंगऐवजी सिलिकॉनचा लेप लावला. पण आखाजी तोंडावर आलेली. तो वाळून नीट धरायच्या आतच त्यांनी तेल भरलं. सकाळी पुठ्ठ्यावर एकच ठिपका होता, करंगळीच्या नखाएवढा. मी अंगणात कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात आक्कांचा फोन आला. नाना फोन कायम स्पीकरवर ठेवायचे.

"भाऊ, गाडी ऱ्हाऊ दे. यष्टीवर ये, पन ये. मी पिशवी भरी ठेवेल शे."

"पुढली आखाजीले, आक्का. मी शब्द देयेल शे."

काकू दिवसभर नानांशी बोलल्या नाहीत, आणि मला काकूंचं बरोबर वाटलं. नखाएवढ्या ठिपक्यापायी बहिणीला ताटकळत ठेवायचं म्हणजे काय?

पावसाळ्यानंतर मात्र काम साधलं. नानांनी दोन्ही कडा पेट्रोलनं लख्ख पुसल्या, सिलिकॉनची बारीक रेघ ओढली, समोरासमोरचे बोल्ट बेताबेतानं आवळले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गाडीला हात लावला नाही. पुठ्ठा कोरडा! दिवाळी झाली तरी कोरडाच. तो पुठ्ठा घेऊन नाना घरोघर दाखवत फिरले. काकू म्हणाल्या, "मग आता जा की, घेऊन या त्यांना."

"अशी मधेच कशी आणू? मुराळी आखाजीलाच जातो," नाना म्हणाले.

पौषात आक्का झोपेतच गेल्या. गाडी धुळ्याला गेली, वाटेत तेलाचा एक थेंब न सांडता. परत आल्यावर नाना घरात न जाता आमच्या ओट्यावर बसले. मग म्हणाले, "गळती गाडीच लई जाणं व्हतं, पोरी. डाग काय, पुसाई जातस." त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मलाही राहवलं नाही.

त्यानंतर गल्लीत "नापास" ऐकू येईनासं झालं. माझे पापड ते मुकाट्यानं खाऊ लागले. त्यांनी एकदा तरी खोट काढावी, असं मला फार वाटायचं.

या आखाजीला माझा भाऊ मला न्यायला फैजपूरहून आला, केळी वाहायची जुनी पिकअप घेऊन. आणि नेमकी ती उभी केली नानांच्या अंगणातल्या नव्या फरशीवर. चहा घेऊन आम्ही बाहेर येतो तर खाली तेलाचं तळं. मी चिंधी घेऊन धावले, तर नाना खुर्चीतून उठले आणि त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"तुना भाऊ ऊना ना?" ते म्हणाले. "मंग जाय. तिकडे तुनी वाट देखी ऱ्हायनात."