चार कड्यांची चौकट

भिंतीवर वस्तू टांगणे हा कोणाचा व्यवसाय असू शकतो, हे यवतमाळ शहराने अद्याप मान्य केलेले नाही. भिंत घरची, खिळा घरचा आणि हातोडी शेजाऱ्याची असताना त्यासाठी माणूस बोलावणे ही येथे उधळपट्टी समजली जाते. चौकट पडून काच फुटली की दोष वास्तूला दिला जातो. अशा शहरात डोंगरसिंग आडे यांनी दारव्हा रस्त्यावर पाटी लावली : ‘वजनदार आरसे, चित्रे व फळ्या भिंतीवर बसवून मिळतील.’ पहिले सहा महिने लोक केवळ पाटी वाचण्यासाठी थांबत.

डोंगरसिंग बोरी अरबजवळच्या बंजारा तांड्यातले. हैदराबादेत बारा वर्षे त्यांनी मोठमोठ्या हॉटेलांत पुरुषभर उंचीचे आरसे बसवले. आधी बोटाच्या पेराने भिंत ठोकायची, पोकळ वाजेल तो भाग खडूने आखायचा, मगच ड्रिल हातात घ्यायचे, ही त्यांची रीत. भिंत खराब असेल तर ते मालकाला तोंडावर सांगतात. त्यांनी बसवलेली वस्तू कधी पडली नाही. त्यामुळे त्यांना दुसऱ्यांदा बोलावण्याची वेळही सहसा कोणावर येत नाही.

निवृत्त प्राचार्या विमलताई यांनी त्यांना बोलावले, ते शहराच्या मानाने धाडसच होते. पहिल्या दोन दिवसांत त्यांच्या घराच्या बोळीतला आरसा बसला आणि पाच फळ्या बसल्या : जगातील पुस्तकांसाठी चार, विमलताईंच्या स्वतःच्या पुस्तकांसाठी एक. त्यांचे यजमान रामराव, पन्नास एकर कपाशी-तुरीचे मालक, खुर्ची टाकून देखरेख करीत होते.

“खिळे ठोकाले दोन दिवस? आमच्या गड्यानं येवढ्यात झोपडी उभी केली असती.”

“झोपडीत आरसा नसते ना, रामरावजी,” डोंगरसिंग पाणसळीच्या बुडबुड्यावरची नजर न हलवता म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मुख्य वस्तू आली. सागवानी चौकट, जाड काच, दोन माणसांनी उचलावी एवढे वजन. आत एक जुने, गडद लाल, भरतकाम केलेले वस्त्र होते. त्यावर आरशांच्या टिकल्या, कवड्या आणि पांढरे मणी. विमलताईंनी ते मुंबईच्या एका प्रदर्शनातून आणले होते. चौकटीसोबतच्या पितळी पट्टीवर नाव कोरले होते, ‘उगवता सूर्य’. तळाशी अर्धवर्तुळ, तो सूर्य. दोन्ही बाजूंचे उतार, ते डोंगर. बाजूंनी लोंबणारे दोन बंद, त्या नद्या. येत्या रविवारी घरच्याच दिवाणखान्यात सत्तर निमंत्रितांपुढे विमलताई याच कलाकृतीवर व्याख्यान देणार होत्या. विषय होता, ‘आदिम मनाची ऊर्ध्वदृष्टी’.

डोंगरसिंग बराच वेळ पाहत राहिले. ती तांड्यातल्या वयस्क बाया घालतात ती कांचळी होती, म्हणजे पाठीवर बंद बांधायची चोळी. सूर्य हा तिचा गळा होता, डोंगर या बाह्या होत्या, आणि सबंध वस्त्र उलटे होते.

“ताई, वरची बाजू कोणती?”

“ही, अर्थातच. उगवता सूर्य क्षितिजावर असतो.”

मग बोलता बोलता त्यांनी डोंगरसिंगांना गाव विचारले, आणि तांड्याचे नाव ऐकताच त्यांना अतोनात आनंद झाला. दोन दिवस ज्यांना ‘अहो, ड्रिलवाले’ अशी हाक होती, ते क्षणात समाजाचे प्रतिनिधी ठरले. आई आहे का? पारंपरिक पोशाख करते का? तर मग रविवारी तिला आणायचेच. गाडी पाठवू, शाल-श्रीफळ देऊ, याच कलाकृतीखाली बसवू.

जन्मदात्रीला परक्या बाईच्या उलट्या टांगलेल्या चोळीखाली, सत्तर माणसांसमोर बसवण्याचा हा सन्मान होता. डोंगरसिंगांनी हातातले ड्रिल खाली ठेवले.

“ताई, हे बाईच्या अंगातली कांचळी आहे. उलटी लागून राह्यली. माही याडी, म्हंजे माय, हे पाहून मान वर करनार नाही.”

विमलताईंनी पूर्ण ऐकून घेतले. ऐकून घेण्याचे त्यांना शिक्षण होते.

“तुमचा अनुभव मौल्यवान आहे, डोंगरसिंग. पण अनुभव वेगळा आणि अर्थनिर्णय वेगळा.”

आपल्या जुन्या महाविद्यालयाच्या नव्या दालनात बेचाळीस चौकटी लागायच्या आहेत आणि तिथल्या समितीला वाद न घालणारा माणूस हवा आहे, हेही त्यांनी त्याच मायेने सांगितले.

डोंगरसिंगांनी वाद घातला नाही. त्यांनी भिंत ठोकली, दोन जागा आखल्या, चार इंची फास्टनर बसवून त्यांना आकडे लावले. मग चौकट पालथी करून मागे कड्या बसवल्या : दोन वरच्या कडेपासून बारा इंचांवर, दोन खालच्या कडेपासून बारा इंचांवर. दोन आकड्यांना चार कड्या कशासाठी, असे विमलताईंनी विचारले.

“वजन आहे, ताई,” ते म्हणाले. अपुरे उत्तर त्यांनी कोणा मालकाला प्रथमच दिले असावे.

आई येऊ नये म्हणून त्यांनी घरी बरेच प्रयत्न केले. लालीबाईंचे वय पंच्याहत्तर; गाडी येणार हे त्यांनी तोवर साऱ्या तांड्याला सांगून टाकले होते आणि पेटीतली आपली कांचळी उन्हातही घातली होती. न जाण्याचे कारण त्या विचारत, आणि लोकांना भिंतीचे दोष तोंडावर सांगणारा मुलगा आईला प्रवास झेपणार नाही एवढेच सांगे.

रविवारी लालीबाई अंगात कांचळी, डोक्यावर ओढणी अशा चौकटीखाली बसल्या. विमलताई क्षितिजावरील सूर्यापर्यंत पोहोचल्या तेव्हा श्रोत्यांच्या माना वर गेल्या, मग खाली लालीबाईंकडे आल्या, आणि पुन्हा वर गेल्या. इतके डोळे कुठे जातात म्हणून लालीबाईंनी वळून पाहिले. घाईने ओढणी छातीवर ओढून त्यांनी मुलाला हाक मारली.

“डोंगर, कोन्या बाईची हाय थे? उलटी काहून टांगली?”

त्या हळू बोलल्या; पण माईक त्यांच्याजवळच होता.

दिवाणखान्यात प्रथम हसले ते रामराव. मात्र हसत हसत उठून त्यांनी चौकटीची एक बाजू धरली, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. डोंगरसिंगांनी दुसरी धरली. चौकट आकड्यांवरून उतरली, फिरली आणि आता वर आलेल्या दोन कड्यांनी त्याच आकड्यांवर चढली. नवे छिद्र पडले नाही, उंचीत बोटभर फरक नव्हता. विमलताईंनी हातातल्या कागदांकडे क्षणभर पाहिले आणि सूर्य आता माध्यान्ही आला आहे, असे सांगून व्याख्यान पुढे चालू केले.

लालीबाई अजून वरच पाहत होत्या. काचेआडच्या कांचळीच्या उजव्या काखेत मळकट डाग होता. त्यांनी चौकटीखाली भिंतीवर लावलेल्या पितळी पट्टीकडे बोट केले.

“त्याच्यावर तिचं नाव हाय का रे?”

डोंगरसिंगांनी पट्टी वाचली. कलाकृतीचे नाव होते, प्रदर्शनाचे होते, विमलताईंचे होते.

“नाही, याडी.”

लालीबाईंनी शाल घेतली. त्या चौकटीखालची खुर्ची मात्र त्यांनी सोडली आणि श्रोत्यांत येऊन बसल्या.

दालनाचे काम अखेर डोंगरसिंगांनाच मिळाले; एवढे वजन भिंतीवर टिकवणारा दुसरा कोणी शहरात नव्हता. वरची बाजू समिती लेखी ठरवेल, अशी अट होती. त्यांनी ती मान्य केली आणि बेचाळीस चौकटींना प्रत्येकी चार कड्या लावल्या. जादा कड्या वजनासाठी असतात, अशी समितीची समजूत आहे.