दादांनी केलेली चेष्टा

श्री. अनंतराव पाठारे यांची आणि माझी पहिली ओळख एका शिट्टीने करून दिली. जयपूरच्या रेल्वे कॉलनीत बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम होता. माझे वडील रेल्वेत गँगमन, अकोल्याकडून बदलून आलेले; आणि मी नुकताच एक जुना ॲम्प्लिफायर व दोन भोंगे जमवून माइकच्या धंद्यात उतरलेला. गायला आलेल्या अनंतरावांनी आल्या आल्या माझं नाव विचारून घेतलं, एवढंच आमचं बोलणं. मग ते गायला बसले, पेटीवर गोविंदराव भुस्कुटे यांनी बोट ठेवलं, आणि नेमकी तेव्हाच माझ्या माइकने कान फाडणारी शिट्टी मारली.

"ए माइकवाल्या, बंद कर ते!" चहूकडून ओरडा झाला. मी दिसेल ते बटण फिरवत होतो. अनंतराव मात्र मान कलती करून ती शिट्टी ऐकत होते. ते म्हणाले, "गोविंदा, ही काळी दोन आहे बघ. आज याच पट्टीत गाऊ." मग माझ्याकडे वळून, "प्रकाशराव, सूर झकास दिलात. आता जरा खाली आणा."

प्रकाशराव! त्या दिवसापर्यंत मला कोणी 'राव' लावला नव्हता. पुढे धंदा वाढला, दोन टेम्पो झाले, बिलावर माझं नाव छापून आलं. पण त्या 'राव'ची सर पुढच्या कुठल्याच मानाला आली नाही.

दादांच्या (आम्ही सगळे अनंतरावांना दादाच म्हणतो) गीतांविषयी या अमृतमहोत्सवी ग्रंथात जाणकार लिहितीलच. मी कानांवर पोट भरणारा माणूस, तेव्हा कानांनी जे पाहिलं तेच सांगतो. दादा मूळचे साताऱ्याकडचे. विमा कंपनीतल्या नोकरीने त्यांना जयपूरला आणलं आणि बनी पार्कातल्या घराने इथे ठेवून घेतलं. गीतं ते स्वतः लिहितात, चाल स्वतः लावतात, आणि छापण्याच्या बाबतीत मात्र अतोनात आळशी आहेत. त्यांची गाणी छापील नाहीत, पाठ आहेत. त्यातलं बदलीचं गाणं तर जयपूरच्या प्रत्येक मराठी घराला पाठ आहे.

खोकी बांधा, दोर आवळा, बिऱ्हाड निघाले दूर गं,
घराला नाही नाव अजूनी, चुलीला आला धूर गं.

आमच्या मराठी मंडळात रीत अशी की कोणाची बदली झाली की निरोपाला हे गाणं व्हायचंच. बँकेचा मॅनेजर असो, पॉइंट्समन असो. दादा गाणार, गोविंदराव पेटी वाजवणार, आणि शेवटच्या कडव्यानंतर चार ओळींभर पेटी एकटी चालणार. तिथे सगळ्यांनी डोळे पुसायचे. हेही ठरलेलंच.

माझ्या वडिलांची बदली झाली (मी धंद्यापायी इथेच राहिलो) तेव्हा हे दोघे एका स्कूटरवर आमच्या क्वार्टरला आले होते. दादा चालवताहेत आणि मागे गोविंदराव, मांडीवर पेटी, हनुवटी पेटीवर. घरात सतरंजीसुद्धा बांधून झालेली. आई ओशाळली. दादा म्हणाले, "वहिनी, गाणं खोक्यांचं आहे, खोक्यांवरच बसू की." आणि बसले. गँगमनच्या घरच्या निरोपाला त्यांनी एक कडवंही कमी गायलं नाही.

हे एवढं सांगितलं ते यासाठी की मागच्या दिवाळीत काय झालं आणि का झालं, ते वाचकांना समजावं. तो विषय या ग्रंथात नको असं काहींचं मत होतं. दादाच म्हणाले, "प्रकाशराव, तेच लिहा. बाकीचं सगळं गोडच येणार आहे."

चौऱ्याहत्तराव्या वर्षी दादांनी एक नवा नाद लावून घेतला. दुपारी जेवण झालं की सिंधी कॅम्पला मेट्रोत बसायचं आणि मानसरोवरला ऋचाच्या घरी जायचं. ऋचा ही आमच्या एका बँकवाल्यांची मुलगी, जन्म जयपूरचा, शाळा हिंदी-इंग्रजीतली. जाहिरातींसाठी कॉम्प्युटरवर संगीत करते. मराठी सगळं समजतं, बोलताना अडखळते. त्या दोघांनी मिळून बदलीचं गाणं नव्याने बांधायला घेतलं. पेटी नाही, तबला नाही. सगळे यंत्रातून काढलेले आवाज.

गोविंदरावांच्या कानावर कुणकुण गेलीच. मला दुकानात गाठून म्हणाले, "प्रकाशराव, मानसरोवरला काय शिजतंय?"

"दादा सांगतील तुम्हाला," मी म्हणालो.

"म्हणजे शिजतंय!"

दादा सांगणार होते, रोज सांगणार होते. पण सांगितलं ते दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाला, मंडळाच्या सभागृहात, पडद्याआड. "गोविंदा, आज एक गाणं पेटीशिवाय आहे."

"कुठलं?"

"बदलीचं."

गोविंदरावांनी पेटीचं झाकण लावलं, कडी घातली, आणि जाऊन पहिल्या रांगेत बसले.  

पुढचा घाव ऋचाने घातला, तोही हसतमुखाने. माइकवर येऊन तिने घरून पाठ करून आणलेलं शुद्ध मराठी म्हटलं: "आता आपलं सर्वांचं लाडकं बदलीचं गाणं. दादांनी या वयात या गाण्याची एक नवी चेष्टा केली आहे. ही चेष्टा आपल्याला नक्की आवडेल."

 हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. बिचारीला तेच म्हणायचं होतं. पण समोर बसलेल्या निम्म्या लोकांनी ते मराठीत ऐकलं. गोविंदरावांची मान हळूच वर झाली.

मग ते सुरू झालं. आधी खालून एक घरघर, टेम्पो स्टार्ट करून उभा ठेवावा तशी. तिच्यावर फस्, फस् असा एक ताल. वर लांबून येणारी एक बारीक शिट्टी. मी ती ओळखली, काळी दोन. आणि त्या सगळ्यातून दादांचा आवाज, थकलेला, मोकळा, काहीही सजवलेलं नाही असा. पहिलं कडवं लोकांनी सोसलं. दुसऱ्याला खुर्च्या वाजू लागल्या.

"अहो, मशीन बंद करा!" कोणीतरी ओरडलं.

मागून पोरं ओरडली, "चालू द्या! चालू द्या!"

मंडळाचे चिटणीस वाकून माझ्या कानाशी आले. "आवाज कमी करा. ताबडतोब."

माझा हात बटणावर होता. एवढ्या वर्षांच्या धंद्यात मी लाख वेळा आवाज कमी केला आहे. वरातीत केला, पोलिसांसमोर केला. स्टेजवरून दादांनी माझ्याकडे पाहिलं. विनंती नव्हती त्या नजरेत. भीती होती. इतकी वर्षं गाणारा माणूस घाबरला होता, आणि तरी गात होता. चिटणिसांना मी म्हणालो, "साहेब, गाणं संपलं की माझं बिल कापा." बटण हललं नाही. शेवटच्या कडव्यानंतर जिथे पेटी एकटी चालायची, तिथे आता फक्त ती फस् फस् उरली. गोविंदराव उठले आणि मधल्या वाटेने बाहेर गेले. त्यांच्या मागे निम्मं सभागृह गेलं. उरलेले निम्मे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

पुढे काही आठवडे जयपुरात मराठी माणसं दोनच प्रकारची होती. मानसरोवरच्या एक काकू मला म्हणाल्या, "अरे, गाणं ऐकताना मी दोनदा फ्रिज बंद करायला उठणार होते!" रेल्वे कॉलनीतल्या एक ताई त्यांना तिथल्या तिथे म्हणाल्या, "काकू, तुमच्या बदलीत पॅकर्सवाले येत असतील. आमची बदली अशीच वाजते. टेम्पो, भांडी, आणि इंजिनाची शिट्टी." एक निवृत्त अधिकारी म्हणायचे, म्हातारपणी माणसाने नातवंडांच्या नादी लागू नये. त्यांचाच मुलगा मला म्हणाला, "अंकल, शब्द मी पहिल्यांदा ऐकले. मतलब, आधी सगळे रडायचे ना, तर ऐकूच यायचं नाही." मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर शुभ सकाळचे गुलाबसुद्धा बंद झाले.

माझं मत कोणी विचारलं नाही, पण दादांना मी सांगून टाकलं होतं: घरघर दुसऱ्या कडव्यात जास्त झाली, शब्द खाते. दादांनी मान्य केलं. त्यांना स्वतःच्या गाण्याविषयी खरं सांगता येतं, हा त्यांचा मला फार मोठा गुण वाटतो. स्तुती ते शिष्टाचार म्हणून ऐकतात आणि दोष कान टवकारून.

पण वाद गाण्याचा राहिला नव्हता. गोविंदराव संक्रांतीनंतर कायमचे पुण्याला, मुलीकडे जायचे होते. म्हणजे आता बदली त्यांची. एवढ्या लोकांना पेटी वाजवून निरोप देणाऱ्या माणसाचा निरोप. आणि त्यांनी चिटणिसांना स्वच्छ सांगितलं, "माझ्या वेळी ते गाणं नको. जुनं नको, नवं नको. मी गुपचूप जाईन."

दादांनी हे ऐकलं त्या दिवसापासून ते गुणगुणायचे थांबले. शेजारी बसलं की हे माझ्या कानाला कळतं. दादा कधीच पूर्ण गप्प नसतात, नाकात काहीतरी चालू असतंच. ते बंद. मालवीय नगरच्या एका सभागृहातून नव्या गाण्यासाठी बोलावणं आलं, पोरं नाचायला लागली. दादांनी सांगितलं, "आधी गोविंदाची बदली. ती अशी गुपचूप झाली तर हे गाणं मी पुन्हा गाणार नाही. कुठल्याच आवाजात." ते रागावून बोलले असते तर बरं वाटलं असतं. शांतपणे बोलले.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मंडळाची बैठक झाली. विषय एकच, मंडळाच्या कार्यक्रमात यंत्राचे आवाज चालावेत की नाही. गोविंदराव उपाध्यक्ष, त्यांना येणं भागच होतं. दादा समोरच्या खुर्चीवर. दोघांच्या मध्ये ऋचा, खास बोलावून आणलेली, आरोपीसारखी. मी माझा छोटा स्पीकर घेऊन कोपऱ्यात.

बोलणं चढत गेलं. कोणी परंपरा काढली, कोणी वय काढलं. दादा एवढंच म्हणाले, "चूक झाली ती गाण्यात नाही. गोविंदाला आधी सांगितलं नाही, ती चूक."

गोविंदराव उभे राहिले.  "या वयात मला वाद नको. मी राजीनामा देतो."

 तोच ऋचा टुणकन उडाली. "राजीनामा? सच में, काका? थँक गॉड!" तिने वाकून गोविंदरावांच्या पायाला हात लावला. गोविंदरावांचा हात सवयीने तिच्या डोक्यावर गेला. "सुखी राहा," ते म्हणून गेले, आणि मग हात तसाच ठेवून थबकले. "अगं, पण सुखी कशाला?"

"तुम्हीच बोललात ना. राजीनामा. मतलब, दोघं राजी. समझौता!"

जयपूरच्या कोर्टकचेरीत रोज दोन पक्षांचा 'राजीनामा' होतो, म्हणजे तडजोड होते. हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आधी खोकला कोणाला आला ते माहीत नाही, पण क्षणात सगळी बैठक हसत होती. ऋचा लाल झाली. दादा मात्र हसले नाहीत, ते गोविंदरावांकडे पाहत होते.

"गोविंदा, ही त्या दिवशी चेष्टा म्हणाली तेही असंच."

"हिंदी मला येते, अनंता. नोकरी हिंदीतच झाली." गोविंदराव खाली बसले. "पण तुझं गाणं सुरू व्हायच्या आधी मी मराठीतच ऐकत असतो, त्याला काय करू? आणि राग चेष्टेचा नव्हताच. पेटी काढलीस, त्याचा होता."

दादांनी मला खूण केली. मी स्पीकर टेबलावर ठेवला आणि त्या गाण्यातला नुसता ताल लावला. घरघर नाही, शिट्टी नाही. फस्, फस्. थोडं थांबून, फस्.

गोविंदरावांनी डोळे मिटले. ज्याने तो आवाज जन्मभर मांडीशी ऐकला त्याला ओळखायला किती वेळ लागणार? "हा माझा भाता," ते म्हणाले. "डाव्या कोपऱ्यात फाटलाय तो."

"पेटी काढली नव्हती रे. तालमींत प्रकाशरावांनी जे टेप करून ठेवलं होतं, त्यातले सूर बाजूला केले आणि तुझ्या पेटीचा श्वास ठेवला."

"म्हणजे माझा भाता फाटलाय हे अख्ख्या जयपूरला ऐकवलंस?"

"हो."

"विचारायचं तरी होतंस."

"तू नाही म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो!" गोविंदराव कडाडले, आणि मग स्वतःच हसले. "गाणं मला आवडलेलं नाही हं. हे लिहून घ्या, चिटणीस. पण शेवटच्या चार ओळी माझ्या आहेत. त्या मी वाजवणार."

तसंच झालं. गोविंदरावांच्या निरोपाला बदलीचं गाणं त्यांच्याच घरी, बांधलेल्या खोक्यांवर बसून झालं. यंत्रातून फाटक्या भात्याचा श्वास, दादांचा आवाज, आणि शेवटी ती पेटी, एकटी. मधेच गोविंदरावांनी भुवई उडवून मला खुणावलं, घरघर कमी करा. मी केली. मानसरोवरच्या काकूंनी निघताना सांगितलं, "फ्रिज अजून चालूच आहे बरं का." पण पदर त्यांच्या डोळ्यांनाच होता.

आजही मंडळात दोन मतं आहेत, आणि ती तशीच राहोत. ज्याच्या गाण्यावर पंच्याहत्तराव्या वर्षी भांडण होतं, त्याचं गाणं म्हातारं झालेलं नाही. परवा दादांच्या शेजारी बसलो होतो. नाकात काहीतरी नवं चालू होतं. पुण्याहून गोविंदरावांचा फोन आला की पहिला प्रश्न तोच असतो: "आता कसली चेष्टा चाललीय?"

दादांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. त्यांचा गळा असाच मोकळा राहो, मेट्रोच्या पायऱ्या त्यांच्या गुडघ्यांना सोप्या जावोत. चेष्टा त्यांनी पुष्कळ कराव्यात, हिंदीतल्या कराव्यात, आणि जमल्यास थोड्या मराठीतल्याही. राजीनामा मात्र कधी द्यायची वेळ आलीच, तर तो हिंदीतलाच द्यावा.