विमानाच्या पंखाला हिरवा काठ

मित्रांनो, मी आणि धाकटा भाऊ विनय तुमसरला एका गोदामात छोटं विमान बांधतोय. आज पंखावर कापड चिकटवून इस्त्रीनं ताणून घेतलं.

आई डबा घेऊन आली. तिनं कापडावर बोट वाजवलं. "तुमचे बाबा मागावरचं कापड असंच वाजवून पायत."

मग म्हणाली, "याले रंग कायले देता?"

"उनानं कापड सडते, आई," विनय म्हणाला.

"मंग काठ तरी हिरवा ठेवा. लुगड्याले ते हिरवाच काठ लावत."

आम्ही पूर्ण पांढरं ठरवलं होतं. विनयनं हिरवा रंग आणून ब्रश तिच्या हाती दिला. बाबा गेल्यापासून त्यांचं नाव निघालं की ती उठून जायची. आज काठ रंगवताना त्यांच्याबद्दलच बोलत राहिली.

वडिलांच्या कामाची आठवण तुम्हाला अशी अचानक कुठं भेटली?